बेलवाघाटची जीप

धुकं पडलं की लोकांना कविता सुचते. मला राग येतो.

नाशिकला येऊन मला पंचवीसएक वर्षं झाली. इथलं धुकं ते केवढंसं! सकाळी सातला उतरतं आणि दूधवाला येऊन जाईपर्यंत उडूनही जातं. शेजारच्या वहिनी गॅलरीतून हाका मारतात, "अगं, बाहेर येऊन बघ तरी, काय सुंदर दिसतंय!" मी "हो हो" म्हणते आणि आत येऊन पोळ्या लाटायला लागते. नवरा विचारतो, "कणकेनं काय घोडं मारलंय तुझं?" त्याला काय सांगणार, कपाळ?

परवा असंच धुकं होतं आणि फोनवर लखनौहून रश्मीचा निरोप आला. रश्मी माझी शाळेतली मैत्रीण. तिनं एक फोटो पाठवला होता. मोठं मैदान, नव्या कोऱ्या गाड्यांची रांग, बॉनेटवर झेंडूच्या माळा, आणि पुढे हिरवा झेंडा धरून उभे असलेले कोणी मंत्री. सीमेच्या सुरक्षेसाठी राज्य सरकारनं म्हणे भरघोस तरतूद केली आहे. खाली रश्मीनं लिहिलं होतं, 'याद है हमारी जीप?'

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. गाड्यांच्या दारांवर काही लिहिलंय का ते बघत होते. माणसं मंत्र्याचं तोंड बघतात, मी दारं बघते. तेरा वर्षांची होते तेव्हापासूनची ही सवय आहे माझी. फोटो फाटत गेला, पण एकही अक्षर लागलं नाही. पोळी तव्यावर करपली ती वेगळीच.

लखनौत धुक्याला कोहरा म्हणतात. डिसेंबर अर्धा सरला की तो यायचा आणि जानेवारी संपेपर्यंत मुक्काम ठोकायचा. दोन-दोन दिवस ऊन म्हणून दिसायचं नाही. समोरच्या घराचं फाटक दिसायचं नाही, नुसती कडी वाजलेली ऐकू यायची. माणूस आधी खोकायचा आणि मग दिसायचा. नव्वदच्या दशकातली ती वर्षं. बाबा रेल्वेत सिग्नल इंजिनीयर, भुसावळहून बदली होऊन तिकडे गेलेले. रायबरेली रोडला तेलीबागेत आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. दारोदारी कोळशाच्या अंगीठ्या, त्यांचा धूर कोहऱ्यात अडकून बसायचा, आणि शाळेच्या स्वेटरला तो वास मार्चपर्यंत यायचा. संध्याकाळी ठेल्यावरची गरम मूँगफली, सोबत कागदाच्या पुडीत हिरव्या मिरचीचं मीठ. आई म्हणायची, "शेंगा कसल्या खातेस एवढ्या, जेवायच्या वेळी नाटकं करशील." मी म्हणायचे, "अरे यार आई, थोड़ी सी तो है!" आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची, कारण ती मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे.

त्या कोहऱ्यातला एक आवाज मला अजून आठवतो. फाट्. मग थोड्या वेळानं पुन्हा फाट्. रुळांवर पटाखे लावलेले असत. सिग्नलच्या आधी ठरावीक अंतरावर एक माणूस रुळाला तो चपटा डबीसारखा पटाखा बांधून ठेवी. इंजिनाचं चाक त्यावरून गेलं की तो फुटे आणि ड्रायव्हरला कळे, सिग्नल जवळ आला. मी एकदा बाबांना विचारलं होतं, की एवढ्या थंडीत त्या माणसाला पटाखे नेऊन कोण देतं? बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "थंडीत कशाला? कोहरा दर वर्षी येतो. येणार हे ठाऊकच असतं. म्हणून ऑक्टोबरातच प्रत्येकाच्या हातात त्याचे पटाखे पोचलेले असतात. कोहरा पडल्यावर का ते मागवायचे?"

एवढी साधी गोष्ट. शेंबड्या पोरालाही कळेल. पण सरकारला कळत नाही, किंवा कळून न कळल्यासारखं करता येतं.

त्या वर्षी दसऱ्याला जीप आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसातल्या एका डेप्युटी साहेबांचं दुमजली घर होतं. ते मुख्यालयात कामाला, आणि रश्मी त्यांची मुलगी. आम्ही दोघी छावणीतल्या शाळेत एकाच वर्गात. तोवर आम्ही सायकलरिक्षानं जायचो, तीन मुली आणि तीन दप्तरं. थंडीत माझी हातापायांची बोटं सुजून लाल व्हायची, रात्री मोजा घातला की खाजायची, आणि आई त्यांना कोमट तेल चोळत बसायची. म्हणून रश्मीच्या आईनं जेव्हा सांगितलं, की आता दोघींना जीपच सोडत जाईल, तेव्हा माझ्या आईला इतका आनंद झाला की तिनं जीपची पूजाच करायची ठरवली.

भुसावळच्या माणसाला दसऱ्याला यंत्राची पूजा केल्याशिवाय चैन पडत नाही. वर्कशॉपात लेथपासून हातोडीपर्यंत सगळ्याला फूल वाहिलं जातं. आईनं आधी बाबांची स्कूटर, मग शिलाई मशीन, माझी कंपासपेटी असं सगळं पुजून घेतलं आणि तबक घेऊन गल्लीत गेली. तिकडे आपटा मिळत नसे, म्हणून कचनारची, म्हणजे आपल्या कांचनची, पानं घेतली होती. तबक धरायला सोबत चाची होती. चाची म्हणजे आमच्या समोरच्या दोन खोल्यांत राहणारी शेजारीण. तिचा नवरा रामसुमेर पोलिसात हेड कॉन्स्टेबल. तिकडे हेड कॉन्स्टेबलला दीवानजी म्हणतात. दीवानजींची नेमणूक लांब, नेपाळच्या हद्दीवर एका चौकीत. दोन-तीन महिन्यांनी कधीतरी घरी यायचे. चाचीला वाचता येत नव्हतं.

आईनं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. जीप नवी कोरी होती, रंगाचा वास येत होता. दारावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सीमा चौकी, बेलवाघाट'. आईनं ते मोठ्यानं वाचलं आणि आपल्या त्या हिंदीत ड्रायव्हरला विचारलं, "ये बेलवाघाट किधर आया, भैया?"

ड्रायव्हरचं नाव मुन्नन. मोठा हसरा माणूस. म्हणाला, "बहुत दूर है माताजी, नेपाल के किनारे. गाड़ी वहाँ की है, रहती यहाँ है."

तबक धरलेली चाची एकदम खुलली. "अरे दीदी, इनकी चौकी तो वही है! बेलवाघाट! तो अब इनको साइकिल नहीं चलानी पड़ेगी. कब जाएगी भैया ये गाड़ी?"

मुन्नन फडकं घेऊन आधीच स्वच्छ असलेली काच पुसायला लागला. आईनं पटकन त्याच्या हातावर प्रसादाचं खोबरं ठेवलं.

सीमेच्या चौक्यांसाठी म्हणून त्या जीपा घेतल्या होत्या. त्या काळी त्या हद्दीवर राज्याचे पोलीसच असत. गाड्या आल्या तेव्हा मोठा समारंभ झाला, असं मुन्ननच आम्हाला नंतर रंगवून सांगायचा. मंत्र्यांनी झेंडा दाखवला, बँड वाजला, गाड्या एका फाटकातून बाहेर पडल्या, चौकाला वळसा घातला आणि मागच्या फाटकातून परत आत आल्या. तिथून ज्याच्या त्याच्या बंगल्यावर. कागदावर मात्र त्या हद्दीवर पळत होत्या. रोजचे किलोमीटर लॉगबुकात भरले जायचे. मुन्नन आम्हाला शाळेच्या फाटकाशी उतरवून मांडीवर वही घेऊन लिहायचा, 'बेलवाघाट से नदी तक गश्त'. आम्ही दोघी खिदळायचो. आम्हाला ती गंमत वाटायची. डोंबलाची गश्त! छावणीतल्या आंब्याच्या झाडांखालून आमची गश्त चालायची.

आणि खरं सांगू? मजा यायची. कोहऱ्यात त्या जीपमध्ये बसण्याइतकं सुख मी त्या वयात दुसरं पाहिलं नव्हतं. ताडपत्री खाली सोडलेली, आमच्या गुडघ्यांवर रश्मीच्या घरची रजई, डिझेलचा वास, पुढे दोन पिवळे दिवे. मुन्नन खिडकीतून मुंडकं बाहेर काढून चालवायचा आणि ओरडायचा, "हटो भैया, सरकारी गाड़ी है!" छावणीचा रस्ता आला की सगळं शांत. झाडांवरून थेंब टपटप पडायचे ताडपत्रीवर. बाजूनं आमचाच जुना रिक्षावाला उरलेल्या मुलीला घेऊन ढकलत-ढकलत चाललेला असायचा आणि मी रजई हनुवटीपर्यंत ओढून घ्यायचे. त्या थंडीत माझी बोटं एकदाही सुजली नाहीत.

डिसेंबरात दीवानजी रजेवर आले. उंच, वाकलेले, कानाला मफलर, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. आमच्या अंगणात अंगीठीशी बसून बाबांशी गप्पा मारायचे. चौकीत माणसं चार. सायकल एक, ती पण त्यांची स्वतःची. वायरलेस सेट आहे, पण त्याची बॅटरी गेल्या उन्हाळ्यात मेली आणि नवी मागितली तर कोणी दाद देत नाही. "साहब, कोहरे में हमें नदी नहीं दिखती, नदी पार वाला क्या दिखेगा?" ते हसून म्हणायचे. "बस गन्ने के खेत में खड़खड़ाहट सुनते हैं. बैल है कि आदमी, राम जाने." मग हात शेकत म्हणायचे, "एक गाड़ी मिल जाए तो चारों की जान में जान आए."

चाचीनं त्यांना काय सांगितलं होतं कोण जाणे. एका सकाळी ते गल्लीच्या तोंडाशी आले. जीप उभी होती, आम्ही दप्तरं आत टाकत होतो. दीवानजी दारापाशी थांबले. दारावर दव साचलं होतं, ते त्यांनी तळहातानं पुसलं आणि अक्षरं वाचली. बराच वेळ हात तिथंच होता. मग हळूच म्हणाले, "ये तो हमारी गाड़ी है."

रागावले नाहीत हो! त्याचंच मला आजही आश्चर्य वाटतं. नांदायला गेलेल्या लेकीची चौकशी करावी तशी त्यांनी मुन्ननकडे चौकशी केली. "इंजन कैसा है भैया? ठंड में एक बार में उठ जाता है?" मुन्नन मान खाली घालून म्हणाला, "उठ जाता है, दीवानजी." मग त्यांनी मला पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाओ बिटिया, देर हो जाएगी."

रागावले ते बाबा. संध्याकाळी हे सगळं कळलं तेव्हा ते चहाचा कप तसाच ठेवून उठले. "म्हणजे गेले दोन महिने माझी मुलगी दीवानजींच्या चौकीच्या जीपमधून हिंडतेय आणि मला आज कळतंय?" आई म्हणाली, "अहो, हळू बोला. आपण इथं परके. उद्या बदली होऊन निघून जाऊ." बाबा म्हणाले, "म्हणून काय डोळे मिटून घ्यायचे?" दीवानजींना इंग्रजीत अर्ज करायचा होता, कारण इंग्रजी अर्ज लोक निदान उघडतात. बाबांनी तो स्वतः टाइप केला आणि दीवानजींच्या सहीखाली साक्षीदार म्हणून आपलीही सही ठोकली. आणि तिथं त्यांनी तीच चूक केली जी फक्त माझे बाबाच करू शकतात. सगळं खरं-खरं लिहिलं. जीपचा नंबर, कुठे उभी असते, किती वाजता निघते, कोणत्या शाळेत जाते, आणि शेवटी, 'या मुलींपैकी एक माझी आहे'. मग नियमाप्रमाणे वरच्या तीन कचेऱ्यांना प्रती. रेल्वेत असा अर्ज आला की चोवीस तासांत माणूस रुळावर धावतो, अशी त्यांची खात्री. त्यांना वाटलं, सगळी सरकारं सारखीच चालतात.

माणूस धावला, नाही कसा? चार दिवसांत एक रंगारी आला आणि त्यानं जीपचं दार रंगवून टाकलं. बेलवाघाट गेलं. दीवानजींची उरलेली रजा रद्द झाली आणि त्यांना परत चौकीवर हजर व्हायचा हुकूम आला. एवढीच काय ती चपळाई! वायरलेसची बॅटरी पाठवायला वर्ष पुरत नाही आणि एक नाव पुसायला चार दिवस पुरतात. कसली लोकं ही?

पण रंगाऱ्यानं कामचुकारपणा केला होता. एकच हात मारला होता. सकाळी दारावर दव धरलं की जुन्या अक्षरांच्या कडांवर थेंब ओळीनं उभे राहायचे आणि नाव पुन्हा वाचता यायचं. रश्मी आणि मी बोटानं ते गिरवायचो. दहा वाजता ऊन पडलं, न पडलं, की नाव नाहीसं.

संक्रांतीला बाबा घरी नव्हते. कोहरा दाट होता, ते दोन दिवस लाइनवर होते. शाळेला सुट्टी होती, पण सव्वीस जानेवारीच्या परेडची तालीम होती म्हणून आम्हाला जायचं होतं. पांढरे बूट, पांढरे मोजे, कडक इस्त्री. चाचीकडे त्या दिवशी खिचडीचा सण, तिनं सकाळीच उडदाच्या डाळीच्या खिचडीची थाळी पाठवली. आईनं तिळगूळ केला होता. मला डबी दिली आणि म्हणाली, "मुन्ननला दे, त्याच्याशिवाय जाऊ नकोस." मी जीपमध्ये चढून त्याच्या तळहातावर लाडू ठेवला आणि म्हटलं, "तिळगूळ घ्या, गोड बोला." त्यानं ते म्हणून पाहिलं, त्याला जमेना, रश्मी हसून-हसून लोटपोट. दारावर थेंब उभे होते. मी 'बे' गिरवला, बोट गारठलं, ते रजईत घातलं. हे सगळं मला काल घडल्यासारखं आठवतं.

त्याच सकाळी बेलवाघाटला कोहऱ्यातून काही माणसं ओझी घेऊन नदी उतरून आली. दीवानजींनी हाळी दिली. कोणीतरी कुऱ्हाड फिरवली. घाव गुडघ्याखाली बसला. वायरलेस मेलेला. एक शिपाई सायकल मारत मोठ्या रस्त्याला गेला आणि कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली वळवून आणली. दीवानजींना उसावर झोपवलं. कोहऱ्यात ती ट्रॉली रांगत-रांगत, रेल्वे फाटकांवर थांबत, संध्याकाळी जिल्ह्याच्या दवाखान्याला पोचली. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तासांत आणलं असतं तर बघता आलं असतं. पाय कापावा लागला.

चाची तिकडे गेली आणि आठवड्यानं परतली. अंगणात बसली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "वो कहते हैं, मेरी टाँग तो गई. तीन लड़के अभी चौकी पर हैं. गाड़ी पहुँच जाए बस." दुसरं काही मागितलं नव्हतं त्या माणसानं.

आणि मग त्या घटनेचा पोलिसांचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की जखमी हेड कॉन्स्टेबलला चौकीच्या जीपमधून विनाविलंब दवाखान्यात हलवण्यात आलं. पुरावा म्हणून जीपचं लॉगबुक. चौदा जानेवारी, बेलवाघाट ते जिल्हा रुग्णालय, इतके किलोमीटर, खाली सही. विनाविलंब! अरे, लाज कशी वाटत नाही? माणूस उसावर रक्त सांडत चालला होता आणि तुमची वही त्याला जीपमधून फिरवून आणत होती. धादांत खोटं, आणि वर शिक्का. बाबांनी पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी एकच वाक्य: त्या दिवशी जीप बेलवाघाटला होती, तर माझ्या मुलीला शाळेत कोणी सोडलं?

त्या एका वाक्यामुळे एक इन्स्पेक्टर चौकशीला आमच्या घरी आले. रविवार होता, फेब्रुवारी लागला होता, कोहरा विरळ झालेला. इन्स्पेक्टर एकटे आले नाहीत, सोबत डेप्युटी साहेब होते. शेजारी म्हणून आलो, असं म्हणाले. खुर्चीत बसले, आईच्या चिवड्याची तारीफ केली. चाची दाराशी जमिनीवर बसली होती. चाचीनंही त्या दिवशी जीप पाहिलीच होती, पण घरच्या माणसाची साक्ष कोण धरतो? इन्स्पेक्टरनी आधी आईला विचारलं. आई पदराशी चाळा करत म्हणाली, "मैं तो रसोई में थी." बाबांनी तिच्याकडे पाहिलं. ती आत निघून गेली. जाताना माझ्या कानाशी पुटपुटली, "सांभाळून बोल गं." बाबा मला म्हणाले, "माधू, खरं ते सांग. घाबरू नकोस."

इन्स्पेक्टर वाईट नव्हते. हळू आवाजात म्हणाले, "बेटी, चौदह तारीख को, खिचड़ी वाले दिन, तुम जीप से स्कूल गई थीं?"

डेप्युटी साहेब माझ्याकडे पाहून हसले. रश्मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. चाचीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. सगळं माझ्या जिभेवर होतं. तिळगूळ, पांढरे मोजे, दारावरचे थेंब, गारठलेलं बोट. मी म्हटलं, "याद नहीं."

लोक म्हणतील, लहान होतीस, घाबरलीस. मी अजिबात घाबरले नव्हते. डेप्युटी साहेब मला लाडानं टॉफी द्यायचे, त्यांची भीती कसली? आईच्या सांगण्यावरूनही नाही. आईचं मी कधी ऐकत होते? मला फक्त सायकलरिक्षा नको होती. खरं बोलले तर जीप जाईल आणि माझी बोटं पुन्हा सुजतील, एवढाच हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात होता. दुसरं काही नाही.

म्हणून त्या सरकारवर मी चिडते ना, तेव्हा मला त्याचं तोंड अगदी जवळून ओळखीचं वाटतं आणि आणखीच चिडायला होतं. पैसा नव्हता असं नाही. पैसा निघाला होता, जीपही निघाली होती. राजधानीत ऊब होती म्हणून ती राजधानीत थांबली. मंत्र्यापासून मुन्ननपर्यंत आणि मुन्ननपासून माझ्यापर्यंत प्रत्येकाला एवढंच वाटलं, की एका जीपनं असा काय फरक पडतो तिकडे लांब? आणि तिकडे लांब चार माणसं कोहऱ्यात कान देऊन बसली होती.

इन्स्पेक्टरनी वहीत काही लिहिलं, चहा संपवला आणि गेले. चाची उठली, साडी झटकली आणि आईला हाक मारून म्हणाली, "दीदी, थाली दे दो हमारी." संक्रांतीची थाळी आमच्याकडेच राहिली होती. बाबांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फाटकाशी सायकलरिक्षा उभी होती. बाबांनी न सांगता बोलावली होती. थोडं पुढे, गल्लीच्या तोंडाशी, जीप उभी होती आणि रश्मी हात हलवत होती. बाबा दारात होते. मी रिक्षाच्या बाजूनं गेले आणि जीपमध्ये बसले.

मार्चअखेर चाचीनं खोल्या सोडल्या. सामान न्यायला दीवानजी आले होते, काखेत कुबडी, धोतराचा एक सोगा दुमडून खोचलेला. बाबांना म्हणाले, "साहब, आपकी चिट्ठी बहुत अच्छी थी." माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, "खूब पढ़ना बिटिया." मला काही विचारलं नाही त्यांनी. मी आत जाऊन बाथरूमचा नळ सोडून बसले. जीप पुढची दोन वर्षं, आमची बदली होईपर्यंत, गल्लीतच होती.

परवा तो फोटो बंद केला आणि रश्मीचा निरोप पुन्हा वाचला. 'याद है हमारी जीप?' ती वाईट नाही हो. तिला खरंच फक्त रजई आणि मुन्नन आठवत असतील. बाहेर वहिनी पुन्हा हाक मारत होत्या, धुकं विरत चाललं होतं. मी ओट्याशी उभी राहून, पीठ लागलेल्या बोटांनी लिहिलं: 'याद है. हमारी नहीं थी. बेलवाघाट की थी. चौदह तारीख को मैं उसमें बैठी थी, तुम भी.'

पाठवलं. दोन निळ्या खुणा उमटल्या. रश्मी काहीतरी लिहिते आहे असं बराच वेळ दिसत राहिलं, आणि मग तेही दिसेनासं झालं.